आंतरवासीचा हात कोणी पाहिला?

9 सप्टेंबर 2025 रोजी केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने एक पत्र काढले. फिजिओथेरपिस्टांनी आपल्या नावाआधी ‘डॉ.’ लावू नये, असा त्याचा आशय होता. दुसऱ्याच दिवशी ते पत्र मागे घेण्यात आले. या दोन दिवसांत, आणि नंतरही कित्येक आठवडे, एक अक्षर व एक टिंब यांवरून देशभर जी धुमश्चक्री झाली तिच्यात वैद्यक संघटना होत्या, फिजिओथेरपी संघटना होत्या, वृत्तवाहिन्या होत्या, आणि समाजमाध्यमांवर तर काही विचारूच नये. एक प्रश्न मात्र त्या गदारोळात कोणाच्या तोंडी आला नाही. नावाआधी काय लिहावे हे ठरवण्यापूर्वी, या नावाच्या माणसाचा हात रुग्णाच्या पाठीवर नीट पडतो की नाही हे कोण पाहते, कधी पाहते आणि कसे पाहते?

वादाचे निमित्त होता त्याच वर्षी आलेला फिजिओथेरपीचा नवा अभ्यासक्रम. पूर्वीचा साडेचार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम त्यात पाच वर्षांचा झाला, आणि अखेरची सहा महिन्यांची आंतरवासिता पूर्ण एका वर्षाची झाली. हा अभ्यासक्रम आला तो राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाकडून. ज्या कायद्याने हा आयोग अस्तित्वात आला तो 2021 चा. अंमलबजावणी इतकी रेंगाळली की ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र व राज्यांचे कान टोचावे लागले. याच कायद्यात व्यवसायात उतरण्यापूर्वीच्या परवाना परीक्षेची तरतूद आहे. म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी घडत आहेत: शिकाऊ माणूस रुग्णांमध्ये घालवणार तो काळ दुप्पट होत आहे, आणि त्या काळाअंती त्याला काय येते हे राष्ट्रीय पातळीवर तपासण्याचा कायदेशीर मार्ग खुला आहे. वैद्यकीय शिक्षणात अशी संधी वरचेवर येत नाही.

हा प्रश्न फरीदाबादला जितका ठळक दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसेल. फाळणीनंतर सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी वसवलेली ही औद्योगिक नगरी. तिच्या एका भागाला आजही लोक ‘एनआयटी’ म्हणतात, म्हणजे न्यू इंडस्ट्रियल टाउनशिप. ट्रॅक्टर, ओतकाम, यंत्रांचे सुटे भाग. वाकणे, उचलणे, तासन्‌तास उभे राहणे हे ज्यांचे रोजचे काम, अशा माणसांचे हे शहर, आणि म्हणून कंबरदुखीचेही. इथे कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, फिजिओथेरपीची पदवी देणारे खासगी विद्यापीठ आहे, 2022 मध्ये उघडलेले अमृता रुग्णालय आहे. आणि राजधानी परिसरात सर्वत्र फोफावलेली कायरोप्रॅक्टिकची दुकानेही आहेत. मान पिरगाळली, कट्ट असा आवाज आला, रुग्णाच्या चेहऱ्यावर आधी भय व मग हसू: एवढ्या वीस सेकंदांच्या चित्रफितीवर लाखो लोक खिळून बसतात.

कायरोप्रॅक्टिक ही 1895 मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात डॅव्हेनपोर्ट येथे डी. डी. पामर यांनी सुरू केलेली पद्धती. तिचे मूळ तत्त्वज्ञान, म्हणजे मणका जागेवरून सरकल्याने बहुतेक सारे आजार होतात हे, विज्ञानाच्या कसोटीला उतरलेले नाही. कंबरदुखीवर मात्र हाताने केलेल्या उपचारांचा माफक लाभ होतो असे पुरावे आहेत. भारताच्या 2021 च्या कायद्यातील परिशिष्टात दहा गट आणि पन्नासहून अधिक व्यवसाय आहेत. फिजिओथेरपी तिथे आहे, पायांचे विकार पाहणारा पोडिएट्रिस्टसुद्धा आहे. कायरोप्रॅक्टर मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये या पद्धतीच्या शिक्षणासाठी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, तेव्हा पूर्ण प्रशिक्षणासाठी किमान 4200 तास आणि त्यांपैकी किमान 1000 तास देखरेखीखालील रुग्णसेवा असावी, असे म्हटले. फरीदाबादेतील एखाद्या फलकावर ‘कायरो’ ही तीन अक्षरे वाचणाऱ्या कामगाराला त्यामागे हजार तास आहेत की शनिवार-रविवारची कार्यशाळा, हे कळण्याचा कोणताही मार्ग नाही. परदेशी कायरोप्रॅक्टिक महाविद्यालयांत आंतरवासीची परीक्षा कशी घ्यावी यावर बरेच काम झाले आहे. आपल्याकडे तेच झटके, तेच दाब फिजिओथेरपीचा पदवीधर देतो. तेव्हा त्या कामाचा उपयोग व्हायचा तर तो इथेच व्हायला हवा.

पाठीवर हात टाकणाऱ्याची पात्रता न विचारण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. कंबरेत उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा आणि त्याच्याकडून पाठीला पाय लावून घ्यायचा, हा तोडगा महाराष्ट्रातल्या कित्येक घरांनी केलेला आहे. पायाळूची पात्रता जन्मानेच सिद्ध. त्याला परीक्षा कसली? गंमत अशी की बहुतेक उसण काही दिवसांत आपोआप उतरते, त्यामुळे पायाळूचे यश ठरलेलेच असते. हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट नाही, कारण नेमक्या याच कारणाने आंतरवासीचे मूल्यमापन अवघड होते. साध्या कंबरदुखीचे बहुसंख्य रुग्ण, काहीही केले तरी, काही आठवड्यांत बरे वाटते असे सांगतात. ‘रुग्णाला बरे वाटले’ ही कसोटी लावली तर निपुण आंतरवासी, निष्काळजी आंतरवासी आणि पायाळू शेजारी यांना साधारण सारखेच गुण पडतील.

मग दुसरी कसोटी पुढे येते ती आवाजाची. शिकणाऱ्याला आवाज आला की कृतार्थता वाटते, रुग्णाला पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. या आवाजाचा भौतिकशास्त्रीय इतिहास मोठा रंजक आहे. सांध्यातील वंगणद्रवात वायू विरघळलेला असतो. पृष्ठभाग झटक्याने दूर ओढले की दाब कोसळतो आणि पोकळी निर्माण होते. 1947 मध्ये लंडनच्या दोन संशोधकांनी आवाज पोकळी निर्माण होण्याचा असल्याचे मांडले. 1971 मध्ये लीड्सच्या गटाने तो बुडबुडा फुटण्याचा असल्याचे म्हटले. 2015 मध्ये कॅनडात बोट ओढताना चुंबकीय अनुनाद प्रतिमा घेतल्या, तर आवाजाच्या क्षणी पोकळी निर्माण होताना व नंतरही टिकून राहिलेली दिसली. आणि 2018 मध्ये चंद्रन सुजा व बराकात यांच्या गणिती प्रतिमानाने बुडबुडा अर्धवट मिटला तरी तेवढा आवाज येऊ शकतो, असे दाखवून वाद पुन्हा पेटवला. अमेरिकेतील डोनाल्ड उंगर या डॉक्टरांनी साठ वर्षे फक्त डाव्या हाताची बोटे मोडून उजव्या हाताशी तुलना केली. संधिवात कोणत्याच हाताला झाला नाही, 2009 चे इग नोबेल मात्र मिळाले.

पण परीक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो वेगळाच प्रयोग. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या गटाने 2004 मध्ये रुग्णाच्या पाठीवर कंपनमापक लावून पाहिले, की अनुभवी कायरोप्रॅक्टरने ज्या सांध्यावर नेम धरला त्याच सांध्यातून आवाज येतो का. सुमारे निम्म्या वेळाच तो नेमलेल्या जागेतून आला. आणि आवाज आला म्हणून वेदना अधिक कमी झाली, असेही अन्य अभ्यासांत आढळले नाही. म्हणजे ज्या ध्वनीवर चित्रफितींचा सारा व्यापार चालतो तो ना नेमकेपणाचा पुरावा, ना परिणामाचा. आंतरवासीला गुण देताना ‘आवाज आला’ हे परीक्षकाच्या मनात नकळत जमेला धरले जात असेल, तर मापकाची सुई भलत्याच राशीला जोडलेली आहे.

नेमके मोजायचे आहे तरी काय? फरीदाबादच्या एखाद्या कारखान्यातील तिशीचा कामगार डोळ्यांपुढे आणावा. तीन महिन्यांपासून पाठ दुखते. ओझे उचलल्याने दुखत असेल, असे त्याला स्वतःलाच वाटते, आणि तो तसेच सांगतो. आंतरवासी हालचाल तपासतो, स्नायू ताठरलेले आढळतात, मधल्या पाठीचा एक मणका दाबल्यावर दुखतो. पुस्तकात दाखवल्याप्रमाणे दोन्ही तळवे नेमक्या जागी ठेवून तो झटका देण्याच्या बेतात आहे. त्याने विचारलेले नाही ते असे: रात्री झोपमोड करणारी वेदना आहे का, संध्याकाळी कणकण येते का, पँट सैल झाली आहे का, घरात कोणाला क्षयाचे औषध सुरू होते का. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, आणि हाडांच्या क्षयाची सर्वांत आवडती जागा म्हणजे पाठीचा कणा. आतून पोखरलेल्या त्या मणक्यावर दिलेला सुबक, पाठ्यपुस्तकी, शंभर टक्के गुणांचा झटका मज्जारज्जूवर आघात करू शकतो. पाय लुळे पडू शकतात.

परदेशी पाठ्यपुस्तकांतील धोक्याच्या खुणांची यादी बहुधा कर्करोग व अस्थिभंग यांनी सुरू होते. भारतीय आंतरवासीच्या यादीत क्षयाचे स्थान वरचे असायला हवे. त्याचबरोबर मांड्यांच्या आतील बधिरता व लघवी अडणे, मान फिरवल्यावर येणारी चक्कर व दुहेरी दिसणे. मानेवरील झटक्यानंतर मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचा अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. कार्यकारणसंबंधाविषयी मतभेद असले, तरी आधीच फाटू लागलेल्या धमनीचे दुखणे साधी मानदुखी समजून त्यावर झटका देऊ नये, याविषयी दुमत नाही. झटका न देण्याचा निर्णय हेच या विद्येतील सर्वोच्च कौशल्य होय. आणि परीक्षेत बहुधा त्यालाच गुण नसतात, कारण परीक्षेचा रुग्ण आधीच ‘उपचारास योग्य’ म्हणून निवडलेला असतो.

शिक्षणशास्त्रातील एक आकृती इथे उपयोगी पडते. 1990 मध्ये जॉर्ज मिलर या अमेरिकी वैद्यकशिक्षकाने चार पायऱ्यांचा मनोरा मांडला: माहीत आहे, कसे करायचे हे माहीत आहे, करून दाखवतो, प्रत्यक्षात करतो. लेखी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्या पाहते. तिसरीसाठी स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी 1975 मध्ये स्थानकांची परीक्षा काढली. आज ती जगभर ‘ऑस्की’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. घंटा वाजली की विद्यार्थी पुढच्या टेबलापाशी जातो, तिथे वेगळा रुग्ण, वेगळे काम, वेगळा परीक्षक. आपल्या एमबीबीएसच्या 2019 च्या अभ्यासक्रमानेही ती स्वीकारली. चौथी पायरी मात्र कोणत्याच परीक्षागृहात दिसत नाही. ती दिसते मंगळवारी दुपारी साडेबाराला, बाह्यरुग्ण विभागात, रांगेत अजून अठरा माणसे असताना. आंतरवासिता म्हणजे हीच चौथी पायरी. तिच्यावर पहारा असतो तो लॉगबुकचा.

लॉगबुकाविषयी कटू बोलू नये; ते बिचारे आपले काम करते. किती दिवस हजर, कोणत्या विभागात पोस्टिंग, किती रुग्ण, विभागप्रमुखांची सही. अडचण अशी की हे सारे उपस्थितीचे मोजमाप आहे. आंतरवासीने पन्नास खांदे हाताळले, असे त्यात लिहिलेले असते. त्या पन्नासांपैकी एक तरी कोणी शेजारी उभे राहून पाहिला का, याचा रकाना सहसा नसतो. महिनाअखेरीस सह्यांचा गठ्ठा एकदम पुढे सरकवला जातो, हे ज्यांनी आंतरवासिता केली त्यांना सांगायला नको. वेळेचे मोजमाप कौशल्याच्या मोजमापाच्या जागी बसवले गेले, म्हणून सहा महिन्यांचे एक वर्ष केल्याने आपोआप काही सुधारेल असे मानणे धाडसाचे आहे. दुप्पट काळ न पाहिलेला हात हा केवळ अधिक सरावलेला न पाहिलेला हात असतो. चूक असेल तर तीही सरावते.

पाहणे म्हणजे काय, याचाही विचार झाला आहे. जॉन नॉर्सिनी यांनी 1990 च्या दशकात एक साधी रीत मांडली. नेहमीच्या कामाच्या ओघात, खऱ्या रुग्णाबरोबर, वरिष्ठाने पंधरा-वीस मिनिटे शिकाऊ डॉक्टरला पाहायचे, लगेच एका पानावर गुण द्यायचे आणि तिथल्या तिथे दोन शब्द सांगायचे. यात नवल ते काय, असे वाटेल. नवल हे की ती अनेकदा करायची. कारण एका रुग्णाच्या आधारे विद्यार्थ्याची पारख करणे हे एका वाचनाच्या आधारे राशी ठरवण्यासारखे आहे. खांदा उत्तम हाताळणारा आंतरवासी गुडघ्यापाशी अडखळू शकतो. एका रुग्णावरील कामगिरीवरून दुसऱ्यावरील कामगिरीचा अंदाज आश्चर्य वाटावे इतका कच्चा निघतो. वैद्यकशिक्षणातील हा अतिशय पक्का निष्कर्ष आहे, आणि ज्या ‘लाँग केस’वर आपल्या प्रात्यक्षिक परीक्षांची पिढ्यान्‌पिढ्या भिस्त आहे तिच्या मुळावर तो येतो.

इथे मोजमापाचे प्राथमिक गणित कामी येते. यादृच्छिक चूक निरीक्षणांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. एकाऐवजी चार रुग्ण पाहिले तर ती निम्मी होते. पुन्हा निम्मी करायची तर सोळा पाहावे लागतात. म्हणजे पहिल्या काही निरीक्षणांत लाभ सर्वाधिक आहे, आणि तो स्वस्तात मिळतो. पण पद्धतशीर चूक अशी घटत नाही. एकच वरिष्ठ चार वेळा पाहणार असेल आणि तो स्वभावतःच उदार असेल, किंवा आंतरवासी त्याच्या मर्जीतला असेल, तर चाराची चाळीस निरीक्षणे केली तरी तराजूचा मूळ कल जात नाही. चार रुग्ण आणि चार वेगळे निरीक्षक, असेच ते हवे. बाहेरून फार काटेकोर वाटणाऱ्या चाळीस कलमी तपासणीयादीपेक्षा चार माणसांचे चार वेगळे, काहीसे ढोबळ अभिप्राय अधिक विश्वासार्ह ठरतात. प्रयोगशाळेत काम केलेल्या कोणालाही हे चटकन पटते, विद्यापीठांच्या परीक्षा मंडळांना मात्र उलटे वाटते. यादी लांबली की न्याय वाढला, असा त्यांचा समज दिसतो.

आणि मुळात निरीक्षकाचे माप तरी किती खरे? कोनमापकाने सांध्याची हालचाल मोजताना साधारण 5 अंशांची चूक गृहीत धरली जाते. ‘हा मणका अडकलेला आहे’ असे हाताने चाचपून ठरवण्याबाबत तर दोन निष्णात परीक्षकांचे एकमत योगायोगाने व्हावे त्याहून फारसे अधिक होत नाही, असे अनेक अभ्यासांच्या आढाव्यांत दिसले. दाबल्यावर दुखते का, हे मात्र बऱ्यापैकी जुळते. तेव्हा आंतरवासीने अडकलेला मणका ‘बरोबर’ ओळखला की नाही यावर गुण देणे म्हणजे परीक्षकाशी त्याचे सूत जुळले की नाही यावर गुण देणे. जी गोष्ट दोन तज्ज्ञांना सारखी लागत नाही तिच्यावर विद्यार्थ्याला नापास करू नये. हा साधा न्याय आहे, पण तो पाळायचा तर परीक्षेआधी परीक्षकांनाच एकाच रुग्णापुढे बसवून त्यांची उत्तरे ताडून पाहावी लागतील. त्याला किती जण राजी होतील?

मोजता येण्याजोग्या गोष्टीही आहेत, आणि त्या मोजल्या जात आहेत. कॅलगरी विद्यापीठात वॉल्टर हर्झोग यांच्या गटाने 1990 च्या दशकात झटक्यांची बले मोजली. मानेवर सुमारे 100 न्यूटन, पाठीवर सुमारे 400 न्यूटन, म्हणजे जवळपास चाळीस किलो वजनाचा भार, आणि तोही सेकंदाच्या पाचव्या हिश्शाहून कमी वेळात. टोरांटोच्या कायरोप्रॅक्टिक महाविद्यालयात विद्यार्थी बलमापक बसवलेल्या टेबलावर, आधी पुतळ्यावर, सराव करतात. प्रत्येक झटक्याचा आलेख समोर उमटतो. आधीचा दाब किती, शिखर किती, चढ किती वेगाने. हात आखडता आहे की अतिरेकी, हे शिक्षकाच्या ‘जरा हळू’ या सूचनेपेक्षा आलेख स्पष्ट सांगतो. भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयाला बलमापक पट्टी, प्रवर्धक व एक सूक्ष्म नियंत्रक घेऊन असे टेबल बनवणे मुळीच कठीण नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षाचा तो एक बरा प्रकल्प होईल. तरीही हे टेबल क्षयाच्या मणक्यावरचा झटका आणि निरोगी मणक्यावरचा झटका यांत भेद करणार नाही. दोन्ही आलेख तितकेच देखणे येतील. यंत्राने हात तपासावा. कोणत्या पाठीवर तो ठेवू नये हे माणसानेच शेजारी उभे राहून तपासायला हवे.

फरीदाबादच्याच एका टोकाला जैवतंत्रज्ञान संकुल आहे. जानेवारी 2024 मध्ये भारत आंतरराष्ट्रीय विज्ञान महोत्सव तिथेच भरला होता. त्या संकुलातील ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट आणि आयआयटी मद्रास यांनी मिळून गर्भाचे वय सोनोग्राफीवरून काढण्याचे ‘गर्भिणी’ हे भारतीय सूत्र तयार केले. प्रचलित सूत्रे पाश्चात्त्य गर्भांवर बेतलेली, भारतीय गर्भांसाठी ती चुकत होती. काही दिवसांची चूकसुद्धा प्रसूतीच्या निर्णयात घातक ठरू शकते, म्हणून हजारो स्त्रियांच्या मोजमापांवर हा खटाटोप झाला. उसने माप आपल्या माणसाला लावण्याआधी तपासावे, ही शिस्त या शहरातील शास्त्रज्ञांनी पाळून दाखवली आहे. त्याच शहरातील आंतरवासीला मात्र तपासणीची यादी परदेशी आणि तपासणारा कोणीच नाही, अशी अवस्था का असावी?

महाराष्ट्राला या विषयात इतिहासाचाही अधिकार आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1950 मध्ये कमलाबाई निंबकर यांनी व्यवसायोपचाराची शाळा काढली, ती आशियातली पहिली मानली जाते. अमेरिकेत जन्मलेल्या या बाईंनी विवाहानंतर भारत आपला मानला. पाठोपाठ 1950 च्या दशकाच्या आरंभी त्याच रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने देशातील पहिली फिजिओथेरपी शाळा उभी राहिली. पोलिओने लुळे पडलेले मुलांचे पाय हे त्या काळातील निकडीचे कारण. तिथे शिकणे म्हणजे शिक्षिकेच्या नजरेसमोर, एका मुलाच्या एका पायावर, पुन्हा पुन्हा हात बसवणे होते. आज दर वर्षी बाहेर पडणाऱ्या पदवीधरांची संख्या पाहता ती घरगुती शिस्त तशीच परत आणता येणार नाही, हे मान्य. राज्यात व्यवसायोपचार व फिजिओथेरपी परिषदेचा कायदा 2002 पासून आहे, दिल्लीत 1997 पासून. नोंदणीचे काम या परिषदा करतात. पण नोंदणी पदवी पाहून होते, हात पाहून नव्हे.

आक्षेप ऐकू येतात आणि ते पोकळ नाहीत. बाह्यरुग्ण विभागात वरिष्ठांना स्वतःचे रुग्ण पाहायला वेळ नसतो, ते आंतरवासीच्या शेजारी वीस मिनिटे कधी उभे राहणार? शिवाय अनेक ठिकाणी आंतरवासी हाच विभागाचा गाडा ओढतो. त्याला विद्यार्थी मानले तर रांग कोण संपवणार? कित्येकांना विद्यावेतनही नाममात्र मिळते. हा आक्षेप खरा आहे म्हणूनच त्यातून उलट निष्कर्ष निघतो. जो विनादेखरेख सर्वाधिक रुग्ण हाताळतो त्याच्याकडे सर्वांत कमी पाहिले जाते, अशी ही व्यवस्था आहे. एका वर्षात एका आंतरवासीसाठी वीस मिनिटांची बारा निरीक्षणे म्हणजे एकूण चार तास. ज्या संस्थेला वर्षभरात चार तास सापडत नाहीत तिने आंतरवासी घेऊ नयेत.

परवाना परीक्षेवरही सारी भिस्त ठेवता येणार नाही. एमबीबीएससाठीच्या ‘नेक्स्ट’ची कहाणी ताजी आहे. वर्षानुवर्षे घोषणा झाल्या, 2023 मध्ये सराव परीक्षा जाहीर होऊन ऐनवेळी लांबणीवर पडली, आणि दरम्यान विद्यार्थी शिकवणीवर्गांच्या दारात उभे राहिले. फिजिओथेरपीची परवाना परीक्षा उद्या संगणकावरील बहुपर्यायी प्रश्नांची झाली, तर आंतरवासितेचे ते वाढलेले वर्ष बाह्यरुग्ण विभागात नव्हे, कोट्यासारख्या कोठल्या तरी अभ्यासिकेत जाईल. पाठीला हात न लावता पाठीचा तज्ज्ञ होता येईल, ही शक्यता काल्पनिक नाही.

त्यापेक्षा साधी सुरुवात शक्य आहे आणि तिला नवा कायदा लागत नाही. आयोगाने आंतरवासितेच्या लॉगबुकात एक पान वाढवावे. वर्षात बारा प्रत्यक्ष निरीक्षणे, किमान चार वेगवेगळ्या निरीक्षकांची, त्यांपैकी निदान एक दुसऱ्या संस्थेतील. प्रत्येकाखाली रुग्णाच्या तक्रारीची एक ओळ आणि निरीक्षकाची दोन वाक्ये. गुणांऐवजी एकच प्रश्न: अशाच पुढच्या रुग्णाला याच्याकडे एकटे सोपवाल का? आणि अखेरीस एक रकाना, ज्यात वर्षभरात आंतरवासीने स्वतःहून उपचार थांबवून डॉक्टरकडे पाठवलेल्या रुग्णांची नोंद असेल: काय दिसले, काय विचारले, कोठे पाठवले, पुढे काय निघाले. तो रकाना वर्षभर कोरा राहिला, तर त्या आंतरवासीला एकही धोक्याचा रुग्ण भेटला नाही, की भेटला आणि ओळखता आला नाही, हे विचारण्याची जबाबदारी त्याच्या पानावर सही करणाऱ्याची असेल.